देश एकच, तरी कंपनी परकी

अमेरिकेत डेलावेअर राज्यात नोंदलेली कंपनी न्यू जर्सीत गेली, की कायद्याच्या लेखी ती 'परकी' ठरते. देश एकच, पण कंपनीला जन्म देतं ते राज्य. 1869 मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॉल विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात सांगितलं, की नागरिकाला इतर राज्यांत मिळणारे हक्क कंपनीला आपोआप मिळत नाहीत.

म्हणून दुसऱ्या राज्यात कार्यालय थाटायचं, माणसं नेमायची, तर तिथे नोंदणी हवी. त्यासाठी लागतात अर्ज, फी आणि कोर्टाची कागदपत्रं स्वीकारणारा स्थानिक प्रतिनिधी. हा प्रतिनिधी मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याच्यामुळे, समन्स कुणाच्या हाती द्यायचं हे शोधत नाडलेल्या ग्राहकाला परराज्यात धावावं लागत नाही.

नोंदणी टाळली तर? दंड होऊ शकतो. शिवाय बहुतेक राज्यांत, नोंदणी होईपर्यंत, थकलेल्या पैशांसाठीही कंपनीला तिथल्या कोर्टात दावा चालवता येत नाही. केलेला करार मात्र सहसा कायम राहतो, आणि कंपनीवर कुणी दावा लावला तर तिला बचाव करता येतो.