विज्ञानपट, मोबाइलचे खेळ आणि ग्रामीण विद्यार्थी

(नामपूर, तालुका बागलाण, जिल्हा नाशिक येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



अलीकडे कोणत्याही गावच्या ग्रामसभेत पाणी, रस्ता आणि कांद्याचा भाव हे विषय संपले की चौथा विषय हमखास निघतो, तो म्हणजे मुलांच्या हातातील मोबाइल. या विषयावर गावात दोन तट पडतात. एकाच्या मते हे यंत्र म्हणजे घरात शिरलेला चोर असून त्यास घराबाहेर काढणे हाच उपाय होय. दुसऱ्याच्या मते यंत्र हातात आले म्हणजेच मूल शहाणे झाले. शाळेत पडदा लावला की शिक्षणाचे काम निम्मे झाले. दोन्ही मते प्रामाणिकपणे मांडली जातात. तथापि, दोहोंतही एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. यंत्र कोण चालवितो आणि यंत्राकडून कोण चालविला जातो, हा तो प्रश्न होय. याचे उत्तर शोधण्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर फार दूर जाण्याचे कारण नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत प्रदर्शित झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याआधीची एक लहानशी गोष्ट मात्र शाळांतून फारशी सांगितली जात नाही. १९१२ साली लंडनहून चित्रपटविद्या शिकून व कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळके यांना भांडवल हवे होते. हलती चित्रे आपल्या देशात तयार होऊ शकतात, यावर सावकाराचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यासमोर रोखून ठेवला आणि रोप वाढत असताना अंतराअंतराने एकेक चित्र घेतले. ही चित्रे सलग दाखविल्यावर बी रुजते आहे, कोंब वर येतो आहे, वेल आधार शोधतो आहे, हे सारे डोळ्यांदेखत घडू लागले. दिवसांचे काम क्षणांत दिसले. या छोट्या चित्रपटाने भांडवल उभे राहण्यास मदत झाली. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गहाण पडले, ते वेगळेच. चित्रपटाच्या पट्टीस भोके पाडण्याचे किचकट कामही त्या माउलीने केले.

भारतीय चित्रपटाच्या आरंभी देवादिकांचा चमत्कार आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. पण त्याच्याही आधी उभे आहे ते वाटाण्याचे रोप. पुढे फाळके नाशिकला आले. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘हरिश्चंद्रा’त तारामती झालेले हे साळुंके मूळचे उपाहारगृहातील स्वयंपाकी होते. पडद्यावरील अदृश्य होणे, प्रकट होणे, आकाशमार्गे जाणे या साऱ्यांमागे कॅमेरा थांबविणे, पात्र बाजूला करणे व पुन्हा कॅमेरा सुरू करणे, किंवा एकाच पट्टीवर दोनदा चित्र घेणे, अशा साध्या युक्त्या होत्या. प्रेक्षकांनी त्यास हात जोडले, यात गैर काही नाही. परंतु ज्या मुलास युक्ती समजली, त्याच्या मनात नमस्काराच्या जोडीला आणखी काहीतरी उत्पन्न झाले असणार.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. नामपुरावरून वाहणारी मोसम पुढे मालेगावात गिरणेस मिळते. यंत्रमागाच्या त्या गावात शुक्रवार हा सुटीचा दिवस असतो आणि सुटी म्हणजे सिनेमा. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणारे शेख नासिर यांनी इतरांचे चित्रपट दाखविता दाखविता स्वतः चित्रपट करण्याचे मनावर घेतले आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार केला. पुढे त्यांनी हात घातला तो थेट सुपरमॅनला! १९३८ मध्ये अमेरिकेतील चित्रकथांतून अवतरलेला, १९७८ मध्ये प्रचंड खर्चाच्या चित्रपटातून जगभर उडालेला हा वीर मालेगावात आला, तेव्हा त्याची भूमिका यंत्रमागावरील एका हडकुळ्या कामगाराने, शफीक शेख यांनी, केली. या चित्रपटाच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला, म्हणून त्या धडपडीची नोंद राहिली. कॅमेरा फिरविण्यासाठी रूळ नव्हते, सायकल होती. आकाशात उडविण्यासाठी हिरवे कापड होते. कापडासमोर माणूस आडवा धरावयाचा, चित्र घ्यावयाचे आणि संगणकाला सांगावयाचे की जेथे जेथे हा हिरवा रंग दिसेल, तेथे आकाश भर. मोठ्या चित्रपटसृष्टीतील विज्ञानपटांचे हेच तंत्र. फरक पैशाचा आहे, तत्त्वाचा नाही. चित्रीकरणाच्या धांदलीत कॅमेरा पाण्यात पडला, तरी मंडळींनी काम सोडले नाही.

मालेगावच्या या चित्रपटांना कोणी हसण्यावारी नेतात. ते विनोदी आहेतच. पण हसणे चित्रपटाला असावे, करणाऱ्याला नसावे. ज्या गावात त्या तंत्राचे शिक्षण देणारी संस्था नव्हती, तेथे पाहणारा मनुष्य करणारा झाला. ग्रामीण शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी अभ्यासावे असे हे स्थित्यंतर आहे. २०२५ साली त्यांच्या जीवनावर आधारित हिंदी चित्रपटही देशभर प्रदर्शित झाला.

विज्ञानपट पाहून मुले बिघडतात काय, असे पालक विचारतात. ‘विज्ञान’ या नावाखाली पडद्यावर जे येते त्यात विज्ञान किती आणि जादू किती, हा प्रश्न अधिक उपयोगाचा. मराठीत या विवेकाची परंपरा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव होते. कथा होती डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची. आपल्या नावामुळे परीक्षकांचे मत झुकू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून नाव घेतले होते आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. पुढील वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच आले. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांच्या कथांत कल्पना कितीही धावली तरी ज्ञात विज्ञानाशी तिचा धागा तुटत नाही.

हीच कसोटी वर्गात चित्रपटाला लावता येते, आणि त्यासाठी चित्रपट निर्दोष असण्याची गरज नाही. चुकीचा असला तर अधिकच बरे. अवकाशात यान फुटते आणि चित्रपटगृह हादरते. मुलांना विचारावे, तेथे हवा नाही, मग हा आवाज आला कसा? मनुष्यास चंद्रावर उतरण्यास एक वर्ष अवकाश असताना, १९६८ मध्ये आलेल्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात अवकाशातील शांतता पाळलेली आहे. हा भेद ज्या मुलास कळला, त्यास ध्वनीचा धडा पुन्हा शिकविण्याची आवश्यकता भासणार नाही.

खेळांचा प्रश्न मात्र अधिक बिकट आहे. चित्रपट अडीच तासांनी संपतो. मोबाइलवरील पुष्कळ खेळांना शेवटच नाही.

खेळ ही वाईट वस्तू नव्हे. मराठी मुलखात मोक्षपट नावाचा सोंगट्यांचा खेळ होता. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि अखेरीस मोक्षाचे घर. परंपरेने त्याचा संबंध ज्ञानदेवांशी जोडला जातो. पट आखणाऱ्याच्या मनात जो हेतू असेल, तो खेळणाऱ्याच्या हातून नकळत घडतो, एवढे या पटावरून दिसते. १९८४ मध्ये मॉस्कोच्या एका संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ हा पडणारे ठोकळे जुळविण्याचा खेळ रचला, त्यामागे कोड्याची आवड होती. पुण्यातील तरुणांनी २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर उभारलेला खेळ केला, त्यामागे कलेची हौस होती. परंतु ज्या खेळात पैसा लावावा लागतो, त्या पटाचा हेतू एकच असतो, आणि तो खेळणाऱ्याच्या हिताचा नसतो.

त्याची रचना पंचायत सदस्यांनी समजून घेण्याजोगी आहे. दर वेळी बक्षीस मिळाले तर मनुष्य कंटाळतो. कधीच मिळाले नाही तर सोडून देतो. केव्हा मिळेल याचा नेम नसला म्हणजे मात्र बोट थांबत नाही. सुरुवातीस थोडे जिंकू दिले जाते, हरल्यावर ‘थोडक्यात हुकले’ असे भासविले जाते. डाव कोणीही जिंको, चालविणाऱ्याचा वाटा आधीच कापलेला असतो. म्हणून पुष्कळ डाव खेळणाऱ्यांच्या एकत्रित पैशात घटच होते. शेतकरी म्हणेल, पाऊस आणि बाजार यांवर पैसा लावणे हाही जुगारच की! पण कांदा पडत्या भावाने विकला तरी कांदा पिकलेला असतो. येथे काहीच पिकत नाही.

संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या जुन्या वादात न पडता, पैसा लावून खेळण्याचे सर्व ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरविले. ते चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. जाहिरात करणाराही सुटत नाही. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. ही बाब ग्रामसेवकांनी घरोघर सांगितली पाहिजे. कर्जात बुडालेला मुलगा पोलिसांच्या भयाने बापाशीही बोलत नाही, आणि न बोलण्यातच अनर्थ होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश केला असून ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. त्याची लक्षणे शिक्षकांनी नीट वाचावीत: खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे साधारणपणे वर्षभर टिकणे. रविवारी दोन तास खेळणाऱ्या मुलास व्यसनी म्हणणे हा अन्याय आहे. तसेच, ज्याचे जेवण, झोप व शाळा तिन्ही सुटली, त्यास केवळ आळशी म्हणून मारणे हाही अन्यायच. त्यास डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

मग गावाने काय करावे? महाराष्ट्रातील दोन गावांनी दोन वाटा धरल्या. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे त्याच वर्षी ऑगस्टपासून सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत अभ्यास व वाचन. करोनाच्या काळात शाळाच मोबाइलवर भरली व ती सवय मुलांना जडली, हे दोन्ही निर्णयांमागील कारण होते. बान्सीच्या ठरावामागील कळकळ समजण्यासारखी आहे. तरीही वडगावची वाट अधिक पक्की वाटते, कारण तेथे भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. आई मालिका पाहत असताना आणि बाप बोटाने पडदा सरकवीत असताना मुलास ‘पुस्तक घे’ म्हणण्यात अर्थ नसतो. शिवाय दीड तास पाळणे शक्य असते. सर्वकाळची बंदी पहिल्याच आठवड्यात चोरून मोडली जाते आणि मग पंचायतीच्या इतर ठरावांचीही किंमत उतरते.

मात्र भोंग्याने यंत्र बंद होते, एवढेच. ते मुलाच्या हाती सोपविण्याचे काम शाळेचे. त्यास मोठा निधी लागत नाही. फाळक्यांची कुंडी लागते. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडतात, तेव्हा बागलाणात उन्हाळ कांद्याची रोपे टाकण्याचे दिवस असतात आणि बी कोणत्याही घरी मिळते. कुंडीत दहा-बारा बिया पेराव्यात. समोर दोन विटांची खाच करून तिच्यात शिक्षकांचा फोन रोज एकाच जागी बसेल असे करावे. शाळेच्या वेळात दर तासाला एक, अशी सहा चित्रे मुलांनीच आळीपाळीने घ्यावीत. शाळेच्या वीस दिवसांत एकशे वीस चित्रे होतील. सेकंदाला दहा या वेगाने दाखविल्यास बारा सेकंदांचा चित्रपट. हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. कांद्याचा कोंब जमिनीतून आकडीसारखा वाकून वर येतो आणि मग ताठ होतो, हे शेतकऱ्याच्या मुलांनीही हलताना पाहिलेले नसते. रविवारची चित्रे नसल्यामुळे रोप मधेच एकदम उडी मारील. ती उडी का दिसली, हे मुलांना विचारावे आणि उत्तर येईपर्यंत सांगू नये.