आगकाड्यांची मौज



"तू कॉम्प्युटरवाली, नव्या तंत्रज्ञानावर बोल," असं मला सांगितलंय. पण मी शंभर वर्षांपूर्वीच्या तंत्रज्ञानावर बोलणार आहे.

दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, म्हणजे आपले शेजारीच. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९१५च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा मूकपटही केला होता. त्यात काड्या आपल्या आपण हलताना दिसत. रीत साधी. काडी किंचित सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचं; की पुन्हा काडी सरकवायची. सेकंदाला सोळा चित्रं धरली, तर मिनिटाला ९६० होतात. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं, पैशाची चणचण होती. काड्यापेटी मात्र घरात होती.

त्याआधी १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ अशीच थोडी थोडी टिपली. महिन्याभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर दिसली आणि ती पाहूनच त्यांना भांडवल मिळालं. सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं कामही त्या शिकल्या. आपल्याकडच्या तंत्रज्ञांच्या यादीत मी त्यांचं नाव आधी घेते.

आपली बॅच शाळेला कॉम्प्युटर देणार आहे. जरूर देऊ. पण एका कॉम्प्युटरभोवती सातआठ मुलं बसली, की ज्याच्या घरी तो आहे त्याचाच हात कीबोर्डवर असतो. बाकीची नुसती बघतात. ती मागे राहू नयेत, म्हणून माझी एक सूचना आहे. विज्ञानाच्या खोलीत एक स्टँड आणि एक जुना मोबाइल ठेवू. मोबाइल मी देते. काड्या सरकवायला इंग्रजी लागत नाही, पासवर्ड लागत नाही.

पावसाळ्यात कुंडीत भात पेरावा. शाळा भरताना एक आणि सुटताना एक, असे एकाच जागेवरून फोटो काढावेत. महिन्यात पन्नासेक फोटो होतील, म्हणजे तीन सेकंदांची फिल्म. आवणीला घरच्यांबरोबर चिखलात उभ्या राहणाऱ्या मुलीला त्या रोपाची वाढ आपल्यापेक्षा जास्त कळते. तिथे ती सांगेल आणि बाकीचे ऐकतील.

पुढच्या मेळाव्यात ते तीन सेकंद आपण सगळे मिळून बघू.