आधी शिक्षकाचे पाय



मुक्काम कुठे आणि चहा किती वाजता, एवढे सांगून स्वागताध्यक्षाने खाली बसावे असा एक चांगला संकेत आहे. पण ती माहिती तुमच्या हातातल्या पत्रिकेत छापलेली आहे, म्हणून वाट्याला आलेली मिनिटे मी एका मुद्द्यासाठी वापरते. अंगणवाडीतल्या ताईंना आणि पहिली-दुसरीच्या गुरुजींना गाणे, ठेका आणि हालचाल कशी घ्यावी हे शिकवणारे आपण लोक. सरकारी कागदावर आपल्याला सुलभक, साधनव्यक्ती, मास्टर ट्रेनर अशी नावे मिळतात. या नावांमागे एक समजूत आहे, की प्रशिक्षण म्हणजे वरून आलेला मजकूर खाली पोचवणे. आपल्या विषयात ती टिकत नाही. इथे जे द्यायचे ते मजकुरात मावत नाही, देणाऱ्याच्या अंगात असावे लागते. आणि अंगातली गोष्ट वापरली नाही की जाते. म्हणून मुलांसमोर उभे राहणे ज्याने सोडले, त्याचे प्रशिक्षकपणही हळूहळू सुटत जाते, असे माझे म्हणणे आहे.

यासाठी या शाखेचा इतिहास थोडा उलगडावा लागेल. एमिल झाक-दालक्रोझ हे 1892 पासून जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात स्वरसंवादाचे अध्यापक होते. त्यांच्यासमोर लहान मुले नव्हती, वाद्य सफाईने वाजवणारे मोठे विद्यार्थी होते. या विद्यार्थ्यांना कागदावरचा स्वरमेळ लिहिता येई, पण तो आतून ऐकू येत नसे. बोटे चालत, पण लय धरून राहात नसे. दालक्रोझ यांनी त्यांना उभे केले आणि चालायला लावले. पावलाने मात्रा, हाताने दुसरी मात्रा, मध्येच थांबणे, आज्ञा होताच उलट फिरणे. त्यातून पुढे ज्याला युऱ्हिद्मिक्स म्हणतात ती पद्धत घडली. 1911 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथे आणि पहिल्या महायुद्धामुळे ते सुटल्यावर 1915 मध्ये जिनिव्हात तिची स्वतंत्र संस्था झाली. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांची कथाही अशीच. 1924 मध्ये डोरोथे ग्युंथर यांच्याबरोबर म्युनिकमध्ये त्यांनी जी शाळा काढली, ती व्यायाम आणि नृत्य शिकवू पाहणाऱ्या तरुण मुलींची होती. गुनिल्ड केटमान तिथे विद्यार्थिनी म्हणून आल्या आणि पुढे या कामाचा अर्धा भार त्यांनीच उचलला. (नाव मात्र ऑर्फ यांचेच चालते, हे आपल्याकडच्या मंडळींना नवीन वाटू नये.) मुले आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948 मध्ये बव्हेरियन रेडिओवरच्या कार्यक्रमांतून. म्हणजे ज्या पद्धती आज बालशिक्षणाच्या म्हणून जगभर ओळखल्या जातात, त्यांतल्या निदान दोन आधी मोठ्या माणसांच्या अंगावर घडल्या. शिक्षकाचे पाय आधी, मुलाचे नंतर.

रेडिओनंतर 1950 ते 1954 या काळात ऑर्फ आणि केटमान यांचे मुलांसाठीच्या संगीताचे पाच खंड छापून आले, आणि तिथेच घोटाळा सुरू झाला. त्या खंडांतल्या रचना नमुने होत्या. मुलांनी स्वतः काय रचावे, त्याची दिशा दाखवणारे. पण छापलेली गोष्ट दिसली की ती तशीच बसवायची, ही शाळेची जुनी खोड कोणत्याही देशात सारखीच. झायलोफोनवर नमुना पाठ होऊ लागला आणि मुलाने सुचवायचे राहून गेले. याला पुस्तकाने उत्तर देता येत नव्हते, माणसांनीच देणे भाग होते. 1961 मध्ये साल्झबुर्गच्या मोझार्टेयुममध्ये ऑर्फ इन्स्टिट्यूट निघाले, ते शिक्षक घडवण्यासाठी. तिथे मुलांचे वर्गही चालतात, आणि शिकाऊ शिक्षक त्या वर्गांत शिकवतात. दालक्रोझ यांच्या परंपरेने आणखी कडक वाट धरली. कोणी कोणाला शिकवावे, याचे टप्पे ठरलेले, आणि शिक्षकांना घडवण्याचा अधिकार सर्वांत वरच्या टप्प्याला. हा सोवळेपणा कोणाला जाचक वाटेल. मला त्यात एक रास्त भीती दिसते. डफ हातात घेतलेल्या माणसाला धावणाऱ्या मुलाच्या पावलांवर आपला ठेका नेता येत नसेल, तर तो मुलाला आपल्या ठेक्यावर ओढतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. पहिल्यात मूल स्वतःची लय ऐकते, दुसऱ्यात ती कवायत होते. हा फरक लिहून पाठवता येत नाही. शेजारी उभे राहून, चुकत चुकत तो कळतो.

आपल्याकडे गाणे शिकवणारे घडवण्याचा विचार जुना आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि तिथे उपदेशक तयार केले. गावोगाव विद्यालये उभी राहिली ती या मंडळींमुळे. पण तो क्रम कंठापासून आणि रागापासून सुरू होणारा होता, चार वर्षांचे धावते मूल त्याच्या कक्षेत नव्हते. ते मूल दिसले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना. बोर्डीला 1945 मध्ये ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अंगणातली बालवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हे प्रयोग तिथले. मुले जमत नाहीत तर शाळेनेच मुलांकडे जावे, इतका साधा तो विचार. तिथे मुलांचे वर्ग आणि बालसेविकांचे प्रशिक्षण एकाच संस्थेत होते, आणि हे मला निव्वळ सोयीचे वाटत नाही. सकाळी जे मुलांबरोबर करून पाहिले, त्यावरच दुपारी बोलता येते. साल्झबुर्ग आणि कोसबाड यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, तरी दोघांना तेच सुचले.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार संख्येचा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना आज एवढी पसरली आहे, की एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. इतक्या ताईंपर्यंत राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा पायऱ्यांशिवाय कसे पोचणार? पायऱ्या नकोत असे मी म्हणत नाही. पोषणाची माहिती, नोंदवह्या, लसीकरणाच्या तारखा पायऱ्यांनी उत्तम उतरतात. पण वरच्या पायरीवरचे पाच दिवस खाली येता येता एका दुपारचे होतात, तेव्हा गळते काय? आधी गळते ते अंगाने करणे, उरते ते सांगणे. बडबडगीताची यादी शिल्लक राहते, आणि ते गीत संथ घेतले तर काय होते, मूल मध्येच थांबले तर ताईने काय करावे, हे निघून जाते. त्यापेक्षा तालुक्याला दोनच माणसे असावीत, पण ती वर्षभर अंगणवाडीत जाऊन ताईंबरोबर वर्ग घेणारी. यात खर्च वाढतो हे कबूल. आजचा खर्च कमी आहे तो बऱ्याच अंशी पोचत नाही म्हणून.

दुसरा आक्षेप म्हणतो, व्हिडिओ आहेत की. ब्लूटूथचा स्पीकर लावला, समोर नाच चालू, मुले बघून नाचतात. स्नेहसंमेलनात तेच तर दिसते. दिसते ते खरेच. पण स्पीकर थांबत नाही, मागे वळून बघत नाही. एखादी मुलगी आपल्याच तंद्रीत गिरकी घेऊ लागली, तर माणूस ती गिरकी उचलून सगळ्यांना देऊ शकतो. तिसरा आक्षेप परकेपणाचा, की झिम्मा, फुगडी, पिंगा, भोंडला असताना हे जर्मन-स्विस कशाला? मला या आक्षेपाबद्दल आदर आहे. मात्र ऑर्फ यांनी स्वतःच सुरुवात आपल्या भागातल्या मुलांच्या खेळगाण्यांपासून केली, आणि दुसऱ्या भाषांत काम गेले तिथे त्या त्या भाषेतली गाणी आली. त्यांचे आरंभीचे पाच स्वर म्हणजे आपला भूप, आणि खाली सतत धरलेला षड्ज-पंचम आपला तंबोरा रोज धरतो. घ्यायचे ते गाणे नव्हे, गाण्याकडे बघण्याची रीत. फुगडीतला तोल जोडीदाराच्या वजनावर कसा उभा असतो, झिम्म्यातली टाळी कोणत्या मात्रेवर पडते, हे आपण शिक्षिकांना किती वेळा विचारतो? आपल्या घरातली वस्तू नीट बघायला शिकवणारा चष्मा परगावचा असला तरी चालावे.

राहिला तो आक्षेप, जो चहाच्या वेळी हळूच निघतो: “मला गाता येत नाही हो.” त्याचे उत्तर जिनिव्हातल्या त्या विद्यार्थ्यांनी देऊन ठेवले आहे. वाजवता येत होते, चालता येत नव्हते. म्युनिकच्या मुली चालणाऱ्या-नाचणाऱ्या होत्या. डफ, झांज, लाकडी पट्ट्या हाती देऊनच त्यांचे संगीत सुरू झाले. साधा आवाज, स्थिर ठेका आणि समोरच्याचे ऐकणारा कान एवढ्यावर वर्ग उभा राहतो. मैफलीचा गळा असलेल्याला हा कान कधी कधी जड जातो, हेही इथल्या अनेकांनी पाहिले असेल.

व्यवस्थेबद्दल दोनच गोष्टी. सभागृहातल्या खुर्च्या अकरानंतर भिंतीकडे सरकवल्या जातील. चपला दाराबाहेर काढाव्यात. दुपारी साडेतीनला शेजारच्या बालवाडीतली वीस मुले येणार आहेत. पत्रिकेत त्या तासापुढे ‘वर्ग घेणार’ असे छापले आहे आणि पुढची ओळ कोरी आहे. तिथे आपले नाव लिहिण्यासाठी पेन नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहे. आपल्या सर्वांचे स्वागत.