ऊन, त्वचा आणि कष्टकऱ्याची सावली
(वर्षावासातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



उन्हापासून त्वचेचे रक्षण हा विषय सुखवस्तू लोकांचा, असे कोणी म्हणेल. पण भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात सर्वांत जास्त ऊन कोण झेलते? भातखाचरात वाकून लावणी करणारी माय आणि रस्त्यावर खडी टाकणारा मजूर. म्हणून हा विषय आपलाच आहे.

सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचा भाजते, अकाली सुरकुत्या पडतात, चेहऱ्यावरचे वांग वाढतात. मोतीबिंदूलाही हे किरण हातभार लावतात. आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन ही निसर्गाने दिलेली ढाल आहे. त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यात त्वचेचा कर्करोग कमी आढळतो. पण ढाल म्हणजे चिलखत नव्हे.

मे महिन्याच्या मध्यास आपल्याकडे सूर्य थेट माथ्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली पायाखाली जाते. एक सोपी खूण सांगतो : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली, की ऊन प्रखर समजावे. विरळ ढगांतूनही हे किरण येतात, हे लावणीच्या दिवसांत विसरू नये.

उपाय साधे आहेत. घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला मुंडासे किंवा पदर, रुंद काठाची टोपी. ओल्या पातळ कापडातून किरण जास्त आत येतात. परवडत असेल त्याने एसपीएफ ३० चे मलम लावावे. दर दोन तासांनी पुन्हा लावावे. न भरणारी जखम किंवा बदलणारा तीळ दिसला तर डॉक्टरांना दाखवावा. मात्र ऊन हा शत्रू नव्हे. ‘ड’ जीवनसत्त्व त्यातूनच मिळते. येथेही मध्यम मार्गच हिताचा.

विद्यार्थिनींनो, त्वचा जपणे आणि गोरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्णाच्या उतरंडीविरुद्ध लढलेल्या समाजाने गोरेपणाच्या डबीपुढे मान का तुकवावी? अशा काही मलमांत स्टिरॉईड असते, काहींत पारा असतो. स्टिरॉईडने त्वचा पातळ होते आणि पारा मूत्रपिंडे बिघडवतो. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉईड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली, ती उगाच नव्हे.

शेवटचा मुद्दा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. शेतावरच्या मजुराला मात्र कारखान्याचा भोंगा नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विसाव्यासाठी सावली आणि प्रथमोपचार यांची तरतूद केली. सावली ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, हे त्यातून शिकावे. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर सुरू करून दुपारी सुट्टी मिळावी, ही मागणी आपण गावोगाव एकत्र येऊन करावी. सुरुवात घरापासून करू : जयंतीची आणि बुद्धपौर्णिमेची मिरवणूक ऊन उतरल्यावर काढू, लहान मुलांना भर दुपारी उभे करू नये.