पाप एकट्याचं, प्रार्थना सगळ्यांची

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर)



मघाशी चहा घेताना एका मित्राने विचारलं, "काय रे, तुमच्यात दिवाळी असते का?" वसईच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. मी म्हटलं, "आमच्यात नाताळ असतो, पण शेजाऱ्यांच्या चकल्या खायला धर्म कधी आड आलेला नाही!"

मी वसईचा कॅथलिक. घरात मराठी आणि देवळातही मराठी मिस्सा. हो, आमच्याकडे चर्चला देऊळही म्हणतात. आज आमच्या ज्या प्रथेबद्दल बोलणार आहे, ती बहुतेकांना हिंदी सिनेमामुळेच ठाऊक असते. लाकडी खोली, मध्ये जाळी, पलीकडे फादर आणि अलीकडे घाम पुसणारा गुन्हेगार. हे झालं पापनिवेदन. पण त्याचं एक सामुदायिक रूपही आहे, आणि ते सिनेमात कधी दिसत नाही.

पहिल्या काही शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत होत असे. पश्चात्ताप करणारा माणूस सगळ्यांना दिसे, आणि ठरलेला काळ संपला की त्याला पुन्हा मंडळीत घेत. पुढे आयरिश संन्याशांमुळे धर्मगुरूच्या कानात खाजगीत पाप सांगण्याची पद्धत युरोपभर पसरली. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं असा नियम केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३ साली, या संस्काराचा नवा विधी आला. पाप हे देवाविरुद्ध असतंच, पण त्याने सगळ्या समाजालाही जखम होते, हा जुना विचार त्यात पुन्हा पुढे आला.

इथे न्यू जर्सीत आमच्या धर्मग्रामात हा विधी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत होतो. या काळाची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी कपाळाला लावतात. ऑफिसमध्ये कोणीतरी हमखास सांगतं, "कपाळाला काहीतरी लागलंय!"

विधीच्या संध्याकाळी आधी एक गीत, मग बायबलचं वाचन आणि छोटं प्रवचन. त्यानंतर दिवे मंद करून फादर एकेक प्रश्न वाचतात. कोणाबद्दल खोटं बोललात का? कोणाची मजुरी अडवलीत का? जे करायला हवं होतं ते टाळलंत का? प्रत्येकाने मनातल्या मनात उत्तर द्यायचं. मग सगळे मिळून आपण पापी आहोत अशी कबुली देतात. ही कबुली देवापाशी असते आणि शेजारच्या भाऊबहिणींपाशीही. त्यानंतर आसपासच्या चर्चमधून आलेले चार-पाच फादर कोपऱ्याकोपऱ्यांत बसतात आणि एकेकजण जाऊन आपलं पाप सांगतो. ते गुपित फादरला कोणत्याही परिस्थितीत फोडता येत नाही. शेवटी पुन्हा सगळ्यांची एकत्र प्रार्थना.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी वडील गेले. वाडीच्या वाटणीचा विषय निघाला, तेव्हा मी दादावर सगळ्या नातेवाईकांसमोर आरोप केला की, हॉस्पिटलच्या खर्चाचा हिशेब त्याने फुगवला. मी इथून पैसे पाठवले होते, त्याची मला घमेंड होती. रात्री-अपरात्री वडिलांच्या उशाशी बसणारा तो होता, हे मी विसरलो. नंतर सगळी बिलं बघितली. एकेक रुपया बरोबर होता. तरी मी गप्प राहिलो. तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

त्या वर्षी मार्चअखेर मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक मेक्सिकन बाई, मागे एक फिलिपिनो म्हातारा. कोणाचं काय चुकलं होतं, कोणाला माहीत नव्हतं. पण सगळेच रांगेत होते, आणि त्याचाच आधार वाटला. एकटा असतो तर मी नक्की पळून गेलो असतो.

मला वाटलं होतं, फादर दोन-चार प्रार्थना म्हणायला सांगतील आणि सुटलो. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "आरोप कोणासमोर केला होतास?" मी म्हटलं, "सगळ्या नातेवाईकांसमोर." ते म्हणाले, "मग चूक कबूलही त्यांच्यासमोरच करायला हवी."

आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना अन्डूची सवय. पण बोललेल्या शब्दाला अन्डू नसतो. चर्चचीही शिकवण तीच आहे. क्षमा देवाची देणगी आहे, पण चोरलेलं परत करायचं आणि घालवलेली अब्रू भरून द्यायची, हे काम आपलंच.

साडेआठला मी पार्किंग लॉटमधूनच फोन लावला. वसईत सकाळचे सहा. दादा केळीला पाणी देत होता. मी रडत-रडत काय बोललो ते आठवत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बरा आहेस ना? थंडी कमी झाली का तिकडे?" पुढच्या आठवड्यात मी काका, आत्या, मामा, सगळ्यांना फोन केले. देवळातल्या त्या रांगेपेक्षा हे सात फोन जड गेले. वाटणीचा प्रश्न लगेच सुटला नाही. पण आता आम्ही भांडतो तेही बोलून भांडतो!

एक कबुली आणखी द्यायला हवी. आमच्या चर्चच्या हातूनही पापं झाली आहेत. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. मुलांवरील अत्याचारांची प्रकरणं बाहेर आली तेव्हा, २०१८ साली, पोप फ्रान्सिस यांनी साऱ्या श्रद्धावंतांना प्रार्थना आणि उपवासाचं आवाहन केलं. पण फादरांनी मला जे सांगितलं, तेच चर्चलाही लागू आहे. नुसती प्रार्थना पुरत नाही. पीडितांचं ऐकणं आणि त्यांना न्याय देणं हाही प्रायश्चित्ताचाच भाग आहे.

मंडळी, ही गोष्ट फक्त आमच्यातच आहे असं नाही. आमचे जैन मित्र संवत्सरीला एकमेकांची क्षमा मागतात. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलायला आपण सांगतोच, कारण वर्षभरात कडू बोललेलं असतं! देशापासून इतक्या लांब राहून आपण पैसे पाठवतो, वस्तू पाठवतो. माफी मात्र राहून जाते.

यंदा दिवाळीच्या शुभेच्छांचे फोन कराल, तेव्हा असा एखादा नंबर असेल तर तो आधी लावा. तिकडे किती वाजलेत, तेवढं मात्र बघून घ्या.

दिवाळीच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा!