पहिलेच पाणी घाण का?



यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह धरणांचे पाणी मिळते. ते काही चोवीस तास वाहत नाही. 2018 च्या टंचाईत तर नळ कित्येक दिवस कोरडे होते. आता एखाद्या घरी असे होते : नळ आले की पहिल्या पाण्याला वास येतो. थोड्या वेळाने पाणी स्वच्छ होते. बाया म्हणतात, धरणातच घाण असेल. पण मग शेवटची घागरही घाणच भरली असती, नाही का?

म्हणजे घाण वाटेत शिरते. शेजारी विचारा. आजूबाजूला पाणी चांगले आणि वास तुमच्याच घरी, तर दोष तुमच्या नळीत. ती नळी पाहत चला. पुष्कळदा ती गटारातूनच नेलेली असते. (टाकणाऱ्याला तोच जवळचा रस्ता!) नळ चालू असताना गटारात कुठे स्वच्छ पाणी उसळते का ते बघा. तिथेच भोक आहे. पाण्याला जोर असतो तोवर ते बाहेर पडते. नळ गेले, नळी रिकामी होऊ लागली, की तेच भोक गटाराचे पाणी आत ओढते. होळीची पिचकारी आठवा.

अशा पाण्याने हगवण लागते, कावीळ होते. गरोदर बाईच्या तर कावीळ जिवावर बेतू शकते. तेव्हा सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून भागायचे नाही. सडका तुकडा बदला, नळी गटाराबाहेरून घ्या. तोवर पहिले पाणी संडासाला वापरा आणि प्यायचे पाणी चांगले उकळा. तुरटीने गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत.