गर्भारपणातली खाज अंगावर काढू नका
(सातपाटी येथील जोडप्यांच्या सभेत दिलेले भाषण)



आज मी खाजेविषयी बोलणार आहे. हसू नका. पोटुशी बाई पोट खाजवू लागली की घरातल्या म्हाताऱ्या कौतुकाने म्हणतात, "बाळाला जावळ येतंय गं!" बाळाच्या जावळाचा आणि आईच्या खाजेचा काहीएक संबंध नाही.

थोडीफार खाज पुष्कळ जणींना सुटते. पोट वाढते तशी कातडी ताणते, कोरडी पडते. त्यात आपला समुद्रकाठचा दमट उकाडा. दिवसभर मासळी साफ करायची, बोंबील उन्हात वाळत घालायचे, हात सदा खाऱ्या पाण्यात. मग कातडी चरचरणारच. कढत पाण्याने अंघोळ नको. काम आटोपले की हातपाय गोड्या पाण्याने धुवा, अंग जरा ओलसर असतानाच खोबरेल लावा, सैल सुती कपडे घाला, नखे कापा. एवढ्याने बरे वाटते. पहिलटकरणीला शेवटच्या महिन्यांत पोटावरच्या ताणाच्या रेषांवर लाल पुरळ उठते. तेही बाळंतपणानंतर जाते, बाळाला त्याचा त्रास नाही.

बोटांच्या बेचक्यात खाज आहे आणि घरातली पोरेही खाजवताहेत, तर ती खरूज समजा. औषध सगळ्या घराने एकाच दिवशी लावायचे, नाहीतर ती फिरून येते. जांघेत गोल चट्टा असेल तर तो नायटा. दुकानातून विचारून आणलेले मलम लावू नका. पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते आणि मग नायटा दुप्पट पसरतो.

आता मुख्य गोष्ट. सातवा-आठवा महिना आहे, अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, पण तळहात आणि तळपाय खाजताहेत. रात्री तर झोप लागत नाही. ही खाज कातडीची नव्हे, यकृताची असू शकते. यकृतातून पित्त नीट वाहत नाही, त्याचा अंश रक्तात साठतो आणि खाज सुटते. आपण "अंगावर पित्त उठलं" म्हणतो, ते हे नव्हे. आमसुलाचे पाणी चोळून हे जात नाही. कधी लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसतात, पण पिवळेपणाची वाट बघत बसू नका. पुष्कळ जणींना तो येतच नाही.

आईला ही फक्त खाज वाटते, धोका मात्र बाळाला असतो. दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते. रक्तातले पित्ताचे प्रमाण फार वाढले तर पोटातले बाळ दगावण्याची भीती असते. म्हणून अशी खाज सुटली की एक-दोन दिवसांत आरोग्य केंद्र गाठा. आशाताईंना सांगा. यकृताची आणि पित्ताम्लाची अशी रक्ताची तपासणी होते. डॉक्टर गोळ्या देतात, आणि आकडा बघून प्रसूती केव्हा करायची ते ठरवतात. काविळीचा झाडपाला घेऊ नका, यकृताला तो आणखी जड जातो. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्र असो, दिवस असो, थांबू नका. गरोदर बाईसाठी १०२ नंबरची गाडी फुकट येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास तपासणी असते, पण या खाजेसाठी ९ तारखेची वाट बघायची नाही.

पुरुषमंडळी, बोटीवर जाण्याआधी बायकोला विचारा, "हातापायाला खाज तर नाही ना?" ती आपणहून सांगणार नाही. आठ दिवस तुम्ही दर्यात, मग तिला दवाखान्यात कोण नेणार, हेही ठरवून जा.

बाळंतपणानंतर ही खाज बहुधा थोड्याच दिवसांत थांबते. पण निम्म्याहून जास्त जणींना पुढच्या खेपेस ती पुन्हा होते. म्हणून दोन मुलांत निदान तीन वर्षांचे अंतर ठेवा आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीत मागची खाज सांगा. माला-एन गोळी मागतानाही सांगा, कारण त्या गोळीतल्या संप्रेरकाने काही जणींची खाज परत येते. तांबीत संप्रेरक नसते, छाया गोळीतही नसते. निरोधचा तर प्रश्नच नाही.

दोन मुले झाली, पुरे वाटत असेल, तर बिनटाक्याची पुरुष नसबंदी करून घ्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा सोयीचे पडते. दोन दिवस आराम, आठवडाभर जड ओढाताण नको. पुढे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यायची. ताकद कमी होत नाही, जाळे पूर्वीसारखेच ओढता येते.